सुहासदादाचं एकेक काम सुटत गेलं

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन आमच्याकडे वळवला, पण त्यावर काही दाखवलं नाही. आधी सुहासदादाकडे पाहिलं, मग त्याच्या आईकडे, विजयाकाकूंकडे. म्हणाले, “आई, थायरॉईड ठीक आहे. बी-ट्वेल्व्ह ठीक आहे. डोळे, कान, सगळं पाहून झालं. सुहासला अल्झायमर आहे.”

विजयाकाकूंनी मांडीवरची पर्स सरळ केली. “डॉक्टर, त्याला मुळात मोजकंच दिलं होतं,” त्या म्हणाल्या. “त्यातलंही परत मागतायत का?”

“हो,” डॉक्टर म्हणाले.

त्या वेळी ते उत्तर मला फार कठोर वाटलं. पुढच्या काही महिन्यांत इतक्या जणांकडून इतकी गुळगुळीत उत्तरं ऐकली, की त्या ‘हो’बद्दल मी डॉक्टरांची ऋणी आहे.

सुहासदादा आमच्या दोघींच्या मधल्या खुर्चीत बसून जर्किनची चेन वर-खाली करत होता. वय चव्वेचाळीस. जन्मापासून डाउन सिंड्रोम. मी त्याची बहीण नव्हते, भाची नव्हते, कोणीच नव्हते. तो ज्या कार्यशाळेत जायचा तिथली मी इंटर्न. स्वारगेटजवळच्या त्या हॉस्पिटलच्या पायऱ्या चढवायला आता एकटी आई पुरत नव्हती, म्हणून कार्यशाळेच्या शैलामॅडमनी मला बरोबर पाठवलं होतं.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या जोड्या असतात. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या जोडीत एक जादा असतं. अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साचत जातं, ते तयार करायचा हुकूमही त्याच एकविसाव्या गुणसूत्रावर असतो. म्हणून या मंडळींमध्ये ते लवकर साचायला लागतं आणि इतरांमध्ये सत्तरीनंतर दिसणारा आजार त्यांना चाळिशी-पन्नाशीत गाठतो. मी मानसशास्त्रात एम.ए. केलेलं. ही ओळ मी परीक्षेसाठी पाठ केली होती. काकूंना मात्र ती इतक्या वर्षांत कोणीच सांगितली नव्हती. म्हणून मी हे लिहितेय. तुमच्या घरात डाउन सिंड्रोम असलेलं कोणी तिशी ओलांडून पुढे गेलं असेल, तर तुम्हाला तरी आधी कळावं. कळून फार काही करता येतं असं मात्र म्हणणार नाही.

मी मूळची यवतमाळची. विश्रांतवाडीला एका घरमालकिणीकडे कॉट बेसिसवर राहायचे आणि आळंदी रस्त्यावरच्या त्या कार्यशाळेत चालत जायचे. बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं तिथे दिवसभर येतात, काम करतात, डबा खातात, घरी जातात. एक वर्षाची इंटर्नशिप. पहिल्या दिवशी शैलामॅडमनी मला चार जण वाटून दिले आणि सुहासदादाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “याच्यापासून सुरुवात कर. सोपा आहे.”

सोपा होताच. आहेराच्या पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवायचं, हे त्याचं काम. गोंदाचा एक ठिपका, वर नाणं, मग अंगठ्याने दाबून मनात काहीतरी मोजायचं आणि पाकीट उजवीकडे ठेवायचं. अठरा वर्षं तो हेच करत होता आणि त्याच्या पाकिटांचं नाणं कधी निघत नसे. घर जवळच होतं, एकटा चालत यायचा. मी सवयीने विचारायचे, “काय करून राह्यले दादा?” त्याला हे वाक्य इतकं आवडलं, की तो ते सगळ्यांना विचारत सुटला. पोस्टमनला, मॅडमना, घरी आईला. काकूंनी मला निरोप पाठवला होता, “पुण्यात राहून मुलाचं मराठी बिघडवल्याबद्दल आभार.”

मग नाणी पाकिटाच्या मागच्या बाजूला यायला लागली.

सुरुवात इतकी बारीक होती. गोंद लावायचा आणि नाणं हातातच धरून बसायचा. दारातल्या काळ्या फरशीपाशी येऊन थांबायचा, जणू तिथे खड्डा आहे. हाताला धरलं तर ओरडायचा. कधी कोणाला रागावून न बोललेला माणूस एका दुपारी माझ्या अंगावर डबा फेकून मोकळा झाला. मला वाटलं, हा वागणुकीचा प्रश्न. मी एक तक्ता केला, नीट वागलं की चांदणी. शैलामॅडमनी तो भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “हा बिघडलेला नाही. याला काहीतरी होतंय.”

तपासण्या सुरू झाल्या. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉईड मंदावतं, त्यानेही माणूस असा सुस्त आणि हट्टी होतो. कानात मळ साचतो, मोतीबिंदू लवकर येतो, झोपेत श्वास अडकतो, नैराश्य येतं. यातलं काहीही असलं तर उपाय असतो. त्या महिन्यांत काकू, मॅडम आणि मी, तिघीही त्याचं थायरॉईड बिघडलेलं निघावं म्हणून वाट पाहत होतो. कानातला मळ काढला तेव्हा तो दोन दिवस बरा वाटला. काकूंनी साखरभात करून कार्यशाळेत पाठवला. तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या सोसायटीच्या गेटशी उभा सापडला. घर कुठलं ते त्याला सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांनी जुना व्हिडिओ मागितला होता. अशा माणसांना आपण घेतो तसल्या स्मरणशक्तीच्या चाचण्या लागू पडत नाहीत. त्यामुळे तो आधी काय करू शकत होता आणि आता काय करतो, एवढीच तुलना हाती राहते. काकूंच्या फोनमध्ये सोसायटीच्या गणपतीतला एक व्हिडिओ निघाला. सुहासदादा ताट घेऊन रांगेतल्या प्रत्येकाला प्रसाद देतोय, नावं घेऊन, कोणालाही न चुकवता. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला. मग त्याला तसंच एक पेपर डिशचं ताट दिलं आणि म्हणाले, आईला दे, ताईला दे. त्याने ते पोटाशी धरलं आणि आमच्याकडे बघत राहिला. तुमच्याकडे असं कोणी असेल तर दरवर्षी एक व्हिडिओ काढून ठेवा. कपडे घालताना, चहा ओतताना, काहीही. लग्नातला नाचण्याचा नको, रोजचा हवा.

निदानानंतर एक गोळी सुरू झाली. ती आजार थांबवत नाही, काहींना काही काळ सावरते. सुहासदादाला उलट्या झाल्या, भूक गेली. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी ती बंद केली. उपचार असे एवढेच.

माझ्या शिक्षणात एक गोष्ट घोटून घेतलेली असते, टास्क अ‍ॅनालिसिस. म्हणजे कुठलंही काम लहान लहान पायऱ्यांमध्ये तोडायचं आणि एकेक पायरी शिकवत वर न्यायचं. शर्ट घालणं, दात घासणं, नाणं चिकटवणं. मला तेच येत होतं आणि मला ते करायचं होतं. मी रोज दादासमोर बसून विचारायचे, “माझं नाव काय? हे कोण? आज वार कुठला?” मला वाटे, विचारत राहिलं तर राहील काहीतरी.

एकदा काकू त्याला न्यायला लवकर आल्या. दारात उभं राहून त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग आत येऊन त्याची पिशवी उचलली.

“अश्विनी, तो परीक्षेला बसलेला नाही,” त्या म्हणाल्या. “मी आयुष्यभर पेपर तपासलेत. ज्याला येत नाही हे आपल्याला माहीत आहे, त्याला परत परत विचारणं याला शिकवणं म्हणत नाहीत.”

मी मॅडमकडे जाऊन विचारलं, मग मी करायचं काय? त्या वीस वर्षांहून अधिक हेच काम करत होत्या. त्यांनी सांगितलं, पायऱ्या त्याच, फक्त आता उलट्या उतरायच्या. जी पायरी त्याच्याकडून सुटली ती आपण गुपचूप करायची आणि उरलेलं काम त्याचंच आहे असं त्याला वाटू द्यायचं. सुटलेलं परत मागायचं नाही. हे शिकायला मला बाकी सगळ्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त वेळ लागला. कारण यात माझ्या हाती काहीच येत नव्हतं.

तर गोंद मी लावायला लागले, नाणं तो ठेवायचा. मग नाणंही मी ठेवायचे, तो अंगठ्याने दाबायचा. मग तो नुसती पाकिटं सारखी करायचा. मग एक पाकीट हातात धरून बसायचा. पुढे तेही खाली पडलं तर त्याला कळेना. मी दर महिन्याला त्याचा अहवाल लिहायचे. त्यात ‘पुढील उद्दिष्ट’ असा रकाना होता. मी तो मोकळा सोडायला लागले आणि मॅडमनी त्यावर कधी काही विचारलं नाही.

त्याने माझं नाव सोडलं, त्याआधी ‘ताई’ सोडलं. “काय करून राह्यले” बरेच दिवस टिकलं. अर्थ गेला होता, नुसती चाल राहिली होती. तो ते भिंतीलाही विचारायचा. मग तेही थांबलं.

थंडीच्या सुरुवातीला त्याचे हात सकाळी झटके खायला लागले. मायोक्लोनिक जर्क म्हणतात याला, विजेचा धक्का बसल्यासारखा हात उडतो. डाउन सिंड्रोम आणि अल्झायमर एकत्र असले की पुष्कळदा हे येतं आणि मागून अपस्मार, म्हणजे फिट. आम्हाला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तरी ती आली तेव्हा मी घाबरले. कार्यशाळेत डब्याच्या वेळी तो बाकावरून घसरला. मी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी ओढणी घातली, आजूबाजूच्यांना दूर केलं. तोंडात काही घालायचं नाही, हात-पाय दाबून धरायचे नाहीत, हे मला पाठ होतं. बाकीची मंडळी भिंतीला लागून उभी राहिली. त्यांच्यातली एक मुलगी कितीतरी वेळ रडत होती. तिलाही डाउन सिंड्रोम आहे, तेवीस वर्षांची आहे. तिच्याकडे बघताना माझ्या मनात जे आलं ते मी तिच्या आई-वडिलांना अजून सांगितलेलं नाही. मॅडमनी त्यांना या आजाराबद्दल नंतर सांगितलं.

त्यानंतर संस्थेने ठरवलं, की त्याला इथे ठेवता येणार नाही. दिवसा मदतीला माणसं कमी, फिट, कपडे बदलणं, पडण्याची भीती. कोणाचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मॅडम स्वतः काकूंच्या घरी गेल्या, मलाही घेऊन गेल्या. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं, चहा केला. “अठरा वर्षं सांभाळलंत. रिटायर होतोय म्हणा,” एवढंच म्हणाल्या.

मग त्याच्यासाठी दुसरी जागा शोधायला मी फोन करायला घेतले. काकूंचे यजमान खडकीच्या कारखान्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा मुलगा अभय बंगळूरला. काकूंचं वय शहात्तर आणि सुहासदादा वजनाने त्यांच्या दुप्पट. विशेष व्यक्तींच्या वसतिगृहांत विचारलं, तर उत्तर यायचं, “स्पेशल असेल तर घेतो हो, पण डिमेन्शिया नको.” डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या केंद्रांत विचारलं, तर ते म्हणायचे, डिमेन्शिया चालेल, पण स्पेशल पेशंटचा आमच्याकडे अनुभव नाही. एका ठिकाणी बाईंनी अगदी आपुलकीने विचारलं, “यातलं एक काहीतरी कमी नाही का होणार?” मी हे काकूंना सांगितलं. काकू पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. हसताना त्यांनी पदर तोंडावर धरला आणि तो बराच वेळ काढला नाही.

दिवसभरासाठी एक मावशी मिळाली, ती पंधरवडा टिकली. दुसरी त्याहून कमी. मी कार्यशाळा सुटली की जात होते. इंटर्नशिपच्या कामात हे बसत नव्हतं. मॅडमनी बसवलं.

जानेवारीत त्याला ताप आला, श्वास घरघरायला लागला. हॉस्पिटलात सांगितलं, अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया. गिळताना घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो. मेंदू एकेक काम विसरत जातो, त्यात गिळणंही येतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण समोर एक माणूस पाण्याचा घोट तोंडात धरून, याचं काय करायचं, म्हणून गोंधळून बसलेला असतो, हे पुस्तकात नव्हतं.

तो ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायचा. सिस्टर म्हणाल्या, हात बांधावे लागतील. काकूंनी खुर्ची पलंगाला चिकटवली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन बसल्या. त्या जेवायला गेल्या की मी बसायचे. वॉर्डातल्या प्रत्येक नव्या डॉक्टरने मला विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? इंटर्न म्हटलं की ते मला हॉस्पिटलचीच इंटर्न समजायचे आणि सलाईन संपल्याचं मलाच सांगायचे.

अभय आला. चांगला माणूस आहे. तो पलंगाशी वाकून दादा, दादा म्हणत राहिला. सुहासदादाने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर त्याच्यावरून पुढे खिडकीकडे गेली. अभय बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिला.

नाकातून पोटात नळी घातली होती, राइल्स ट्यूब. ती थोड्या दिवसांची असते. पुढचा प्रश्न होता, पोटाला छेद देऊन कायमची नळी बसवायची का? अभयचं म्हणणं होतं, जे शक्य आहे ते सगळं करा. डॉक्टर म्हणाले, “नळीने त्याचं आयुष्य वाढेल, असं मी सांगू शकत नाही. न्यूमोनिया पुन्हा होणार नाही, असंही नाही. तो नळी ओढेल, आणि मग हात बांधावेच लागतील.”

“नको,” काकू म्हणाल्या. “तोंडाने खाणं, एवढं एकच काम उरलंय त्याला आवडणारं. तेही मीच काढून घेऊ?”

अभय म्हणाला, आई, त्यात धोका आहे. काकूंनी त्याला शेजारी बसवलं. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत, पण मी पलंगाच्या पलीकडे होते, मला ऐकू आलं. “अशा मुलांच्या सगळ्या आया देवाला म्हणतात, माझ्याआधी याला ने. मी कधी म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, हा राहील, तू बघशील, कार्यशाळा बघेल. आता मी रोज म्हणते. तू मला धोका सांगू नकोस.”

घरी पाठवण्याआधी हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टने भरवायचं कसं ते शिकवलं. बोलण्याचे उपचार करणारेच गिळण्याचेही करतात. पूर्ण ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, छोट्या चमच्याने, पातळ काही नाही, सगळं खिरीइतकं दाट. घास तोंडात असताना बोलायचं नाही. गळ्यातला कंठमणी वर-खाली झाला की मगच पुढचा घास. खाऊन झाल्यावर बराच वेळ आडवं करायचं नाही. काकू आणि मी, दोघींनी त्यांच्यासमोर भरवून दाखवलं. माझ्या सगळ्या इंटर्नशिपमध्ये मी दादाबरोबर पूर्णपणे बरोबर केलेलं हे एक काम.

मार्चमध्ये माझं वर्ष संपलं. प्रमाणपत्र मिळालं. एका शाळेत समुपदेशकाच्या जागेसाठी मुलाखत होती. त्यांनी विचारलं, तुमच्या हस्तक्षेपामुळे लाभार्थीमध्ये कोणती सुधारणा झाली, एखादं उदाहरण सांगा. मी म्हटलं, एकही झाली नाही, तो माझ्यासमोर खालावत गेला. समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नोकरी मला मिळाली, पण त्या उत्तरामुळे नक्कीच नाही.

काही लोक सांगतात, अशा माणसांकडून खूप काही शिकायला मिळतं. मला ते वाक्य सहन होत नाही. सुहासदादा मला शिकवण्यासाठी आजारी पडलेला नाही. त्याचं त्याला आवडणारं काम होतं, ते गेलं. मला त्यातून काही समजलं असलं, तर ते एवढंच, की काही माणसांजवळ नुसतं टिकून राहावं लागतं. तुम्ही गेल्याने आजार वाढत नाही आणि राहिल्याने कमी होत नाही. तरी राहायचं. मदतीला कोणी आलं तर त्यांना आधी हेच सांगा, म्हणजे ते चांदण्यांचे तक्ते करत बसणार नाहीत.

नोकरी लागल्यावर पहिल्या रविवारी दुपारी मी काकूंकडे गेले. सुहासदादा खिडकीपाशी उशा लावून बसवलेला होता. चेहरा उतरलेला, केस नीट विंचरलेले. काकूंनी दार उघडलं, त्यांच्या हातात भाताच्या दाट पेजेची वाटी होती.

“तू कशी काय? सर्टिफिकेट मिळालं ना तुला?” त्या म्हणाल्या.

“मिळालं.”

“मग आता काय काम?”

“भरवायला आले,” मी म्हटलं.

हॉस्पिटलातून आल्यापासून काकूंनी त्याला भरवायचं काम दुसऱ्या कोणाला दिलं नव्हतं. अभयलाही नाही, मावश्यांना तर नाहीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हात धुवायला सांगितलं. मी धुऊन आले. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली, चमचा दिला. मी पहिला घास भरवला. दादाने तो तोंडात धरून ठेवला. मी त्याच्या गळ्याकडे बघत थांबले. बऱ्याच वेळाने कंठमणी हलला.

काकू तोवर उभ्याच होत्या. मग त्या पलीकडच्या पलंगावर गेल्या, चष्मा काढून उशाशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मला वाटलं, नुसत्या पडल्या असतील. दुसरा घास उतरेपर्यंत त्यांना गाढ झोप लागली होती.